सीए रिपोर्टवर किती विसंबावे?

मागील अंकात न्यायसहायक विज्ञानावर (फॉरेन्सिक सायन्सवर) लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर आलेल्या पत्रांत अस्वस्थता फार होती. काहींनी निकालांविषयी संताप व्यक्त केला आहे, तर काहींना स्वतःच्या घरातील खटल्याची चिंता आहे. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : कल्याणीनगरच्या अपघात प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचे वाचले. अहवालावर सरकारी शिक्का असला, तरी तपासलेली बाटलीच दुसऱ्याची असेल, तर आम्ही सामान्य माणसांनी त्या अहवालावर विश्वास का ठेवावा? — एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : १९ मे २०२४ च्या त्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचा ससून रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुना बदलण्यात आला, असा पोलिसांचा आरोप आहे. या प्रकरणात डॉक्टरांना अटकही झाली. खटला न्यायप्रविष्ट असल्यामुळे कोण दोषी हे मी येथे म्हणणार नाही. मात्र नमुना बदलल्याचा संशय कसा पक्का झाला, ते आपण लक्षात घ्यावे असे मला वाटते. पोलिसांनी खबरदारी म्हणून औंधच्या शासकीय रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे, डीएनए चाचणीत हे दोन नमुने एकाच व्यक्तीचे नसल्याचे दिसले. म्हणजे ज्या विज्ञानावरचा आपला विश्वास डळमळला, त्याच विज्ञानाच्या आधारे हा आरोप उभा राहिला आहे.

आपल्या न्यायालयांत ज्याला सर्रास ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, तो प्रत्यक्षात फार मर्यादित गोष्ट सांगत असतो. या क्रमांकाच्या सीलबंद बाटलीतील रक्तात अल्कोहोल आढळले किंवा आढळले नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते. ते रक्त कोणाचे, ते कोणी आणि कधी काढले, बाटलीला सील कोणासमोर लागले आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती कोणाच्या ताब्यात होती, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेबाहेरच्या कागदांत असतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार, सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो. या सोयीमुळे न्यायालयाचा वेळ वाचतो हे खरे. पण तिच्यामुळेच अहवालाची शेवटची ओळ तेवढी वाचून पुढे जाण्याची सवय वकिलांना आणि कधी कधी न्यायालयांनाही लागते. आपण विश्वास जरूर ठेवावा, परंतु तो अहवालाबरोबर त्याच्या मागच्या कागदांवरही ठेवता आला पाहिजे, आणि ते कागद तपासले जातील याची खात्री व्यवस्थेने आपल्याला दिली पाहिजे.

प्रश्न : डीएनए जुळूनसुद्धा बलात्कार आणि खुनाचे आरोपी सुटतात. तांत्रिक चुकांचा फायदा आरोपीला देताना न्यायालयाला त्या मुलीची आठवण राहत नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातला संताप मला परका नाही. दिल्लीतील छावला भागातून फेब्रुवारी २०१२ मध्ये एका १९ वर्षांच्या मुलीचे अपहरण होऊन तिची अत्यंत क्रूरपणे हत्या झाली. सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. त्या दिवशी तिच्या आईवडिलांचे काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. परंतु निकालपत्र वाचल्यावर आपला राग दुसऱ्या दिशेला वळेल. १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने प्रयोगशाळेत गेले २७ फेब्रुवारीला. मधले दिवस ते पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात पडून होते, आणि त्या काळात त्यांच्याशी छेडछाड झालीच नाही असे खात्रीने म्हणता येत नव्हते. शिवाय तज्ज्ञाने कोणत्या आधारावर आणि कोणत्या तंत्राने निष्कर्ष काढला, याची खालच्या दोन्ही न्यायालयांनी चौकशीच केली नव्हती.

आपल्या राज्यातही हेच घडले आहे. ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. त्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मुक्त केले. नमुने पाठवण्यास झालेल्या विलंबाचे स्पष्टीकरण नव्हते आणि ते दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नव्हती, ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. डीएनए पुराव्याचे वजन प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीनुसार कमीअधिक होते, हे न्यायालयाने तेथे स्पष्ट केले.

डीएनए जुळला म्हणजे नेमके काय झाले, हे आपल्याला कोणी नीट सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्रयोगशाळा संपूर्ण डीएनए वाचत नाही. माणसामाणसांत वेगळे असणारे काही ठरावीक भाग घेऊन, घटनास्थळावरच्या नमुन्यातील आणि आरोपीच्या रक्तातील त्या भागांची तुलना ती करते. सगळे भाग स्पष्ट दिसत असतील आणि नमुना एकाच व्यक्तीचा असेल, तर ही तुलना अतिशय भरवशाची ठरते, आणि जगभर अनेक निरपराध माणसे तिच्यामुळेच तुरुंगातून बाहेर आली आहेत. पण नमुना जुना, अपुरा किंवा दोन-तीन व्यक्तींचा मिसळलेला असेल, तर निष्कर्षात तज्ज्ञाचा अंदाज शिरतो. अशा वेळी असा मेळ योगायोगाने किती लोकांत आढळू शकतो, याचा आकडा अहवालात असायला हवा. तो नसेल, तर ‘जुळला’ या शब्दाचे वजन मोजण्याचे साधनच न्यायाधीशांच्या हाती राहत नाही. आणि मेळ कितीही पक्का असला, तरी तो डीएनए तेथे कधी आणि कसा पोहोचला, हे चाचणी सांगू शकत नाही.

जर्मनीतील हाइलब्रॉन शहरात एप्रिल २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तेथे सापडलेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणीही आढळला होता. पोलीस त्या स्त्रीचा जंग जंग पछाडून शोध घेत राहिले आणि अखेर २००९ मध्ये उलगडा झाला की, नमुने टिपण्यासाठी वापरलेल्या कापसाच्या काड्याच कारखान्यात दूषित झाल्या होत्या आणि तो डीएनए तेथे काम करणाऱ्या स्त्रीचा होता. चाचणी प्रत्येक वेळी अचूक झाली होती, आणि तरीही ती प्रत्येक वेळी पोलिसांना चुकीच्या दिशेने नेत होती.

म्हणून मुद्देमालाच्या हाताळणीतील दोषांना ‘तांत्रिक चुका’ म्हणणे मला पटत नाही. अशा हेळसांडीने आरोपीवर अन्याय होऊ शकतो, आणि त्याच हेळसांडीमुळे त्या मुलीला खरा गुन्हेगार कोण हे ठामपणे सांगणारा निकाल मिळण्याची वाटही कायमची बंद होते, कारण तो नमुना पुन्हा मिळवता येत नाही. न्यायालयाने त्या मुलीला विसरून हा निकाल दिला, असे मला वाटत नाही. तिचा विसर पडला तो तपासात, तिचे नमुने तसेच पडून राहिले त्या दिवसांत.

प्रश्न : मी पोलीस ठाण्यात मुद्देमालाचे काम पाहतो. आमच्याकडे नमुने ठेवायला फ्रीज नाही, जागा अपुरी आहे, प्रयोगशाळेत माणूस पाठवायचा तर बंदोबस्तातून मोकळा करावा लागतो. निकालपत्रात मात्र दोष आमच्या माथी. हे योग्य आहे का? — एक हवालदार, विदर्भ

उत्तर : नाही, हे योग्य नाही, आणि आपण हे मोकळेपणाने लिहिले याबद्दल मी आपला आभारी आहे.

१५ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांविषयी देशभरासाठी निर्देश दिले. नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा, एकदा लागलेले सील न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडू नये, आणि नमुना घेतल्यापासून खटल्याच्या अंतापर्यंत तो कोणाकोणाच्या ताब्यात होता याची नोंदवही ठेवून ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडावी, असे त्यात सांगितले आहे. नव्या संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक होत आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. परंतु शीतपेटी, वाहन आणि मनुष्यबळ यांची तरतूद न करता ४८ तासांचा हिशेब हवालदाराकडे मागणे म्हणजे जबाबदारी सर्वांत खालच्या माणसावर ढकलणे होय, आणि तरतूद करणाऱ्यांना याचा जाब विचारलाच पाहिजे.

सीलबंदीचे महत्त्व मी आपल्याला सांगायला नको. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बारा जणांना निर्दोष ठरवले. जप्त केलेल्या वस्तू योग्य रीतीने सीलबंद होऊन सुरक्षित ताब्यात राहिल्या होत्या हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, हेही त्यामागचे एक कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे.

आपल्या हाती आज जे आहे, ते एवढेच की उशीर झाला तर त्याचे खरे कारण त्याच दिवशी ठाण्याच्या दैनंदिनीत लिहावे. वाहन नव्हते, तर वाहन नव्हते असे लिहावे. कारण नोंदलेले असेल, तर न्यायालय त्या विलंबाकडे वेगळ्या दृष्टीने पाहू शकते. ज्या विलंबाविषयी कागदावर काहीच नसते, त्याचा जबर फटका सरकार पक्षाला बसतो.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. हाताळणीतील चुका बाजूला ठेवल्या, तरी काही तंत्रे मुळातच कच्ची आहेत का? — कोल्हापूर

उत्तर : आहेत, आणि त्यांतील एका तंत्राचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाने झालेल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपींना जन्मठेप सुनावली, आणि त्या निकालात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला. या चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून आरोपीला डोळे मिटून बसवतात आणि गुन्ह्याशी संबंधित प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवतात. आरोपीने तोंडातून शब्दही काढायचा नसतो. त्याने ती गोष्ट स्वतः अनुभवली आहे की केवळ ऐकली आहे, हा फरक लहरींवरून यंत्र ओळखते, असा दावा होता. हा दावा स्वतंत्र संशोधकांनी पारखून मान्य केलेला नव्हता. तपासाच्या दिवसांत ज्याला तेच आरोप पुन्हा पुन्हा ऐकवले जातात, त्याच्या मेंदूत त्या वाक्यांविषयी काय साठले असेल, हा साधा प्रश्नही अनुत्तरित होता. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने हे तंत्र शास्त्रीय कसोटीवर उतरत नसल्याचे सांगितले. तरीही एका निकालात त्याला जागा मिळून गेली होती.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को (औषधाने गुंगीत नेऊन प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे यंत्र) आणि मेंदूच्या अशा चाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, या घटनेच्या कलम २० (३) मधील हमीवर आणि कलम २१ वर तो उभा आहे. आपण त्याचे मूळ निकालपत्रच वाचावे. आजही एखादा गाजलेला गुन्हा घडला की ‘नार्को करा’ अशी मागणी वाहिन्यांवर सुरू होते, याचे मला वाईट वाटते.

दुसरे उदाहरण अधिक लाजिरवाणे आहे. लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत वर्षानुवर्षे केली जाणारी ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीमार्गात दोन बोटे घालून केलेली तपासणी, कोणत्याही शास्त्रीय पायावर उभी नव्हती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासणीतील दोषांचा सविस्तर अहवाल मांडला आणि त्यातून हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली, २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती वगळली, आणि तरीही ती चालू राहिल्याने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला अशी चाचणी करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, असे सांगावे लागले. एका अशास्त्रीय प्रथेला अभ्यासक्रमातून आणि सवयीतून बाहेर काढायला किती काळ लागतो, हे यावरून दिसते.

हस्ताक्षराविषयी थोडक्यात : केवळ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मतावर दोषी ठरवणे धोक्याचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले आहे.

बोटांच्या ठशांचे शास्त्र त्यामानाने भक्कम आहे, पण शेवटी तेथेही निर्णय माणूस घेतो. मार्च २००४ च्या माद्रिद येथील रेल्वे स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने एका ठशावरून ओरेगन राज्यातील एका वकिलाला अटक केली. एकामागून एक तज्ज्ञांनी तो ठसा त्याचाच असल्याचे सांगितले होते. पुढे स्पॅनिश पोलिसांनी तो अल्जीरियाच्या एका नागरिकाचा असल्याचे शोधून काढले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी ‘जुळले’ असे ठरवलेले ठसे, हे त्या चुकीच्या प्रकरणातील आहेत असे भासवून, पुन्हा दिले गेले. पाचपैकी चौघांनी आपले मत बदलले. ठसे तेच होते, फक्त सोबतची माहिती बदलली होती. म्हणून आरोपीची पूर्वकथा तज्ज्ञाच्या टेबलावर पोहोचूच नये, अशी व्यवस्था हवी.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. येथे प्रयोगशाळेतील एका रसायनतज्ज्ञामुळे हजारो खटले रद्द झाले. अशा गोष्टी चव्हाट्यावर आणल्याने लोकांचा न्यायव्यवस्थेवरचा उरलासुरला विश्वासही जाणार नाही का? — बोस्टन

उत्तर : माझे मत नेमके उलट आहे. आपण उल्लेख केलेली रसायनतज्ज्ञ अमली पदार्थांचे नमुने न तपासताच अहवाल देत असे. ती इतरांच्या कितीतरी पट काम उरकते, हे सहकाऱ्यांच्या लक्षात आले होते, पण वरिष्ठांनी वेळीच दखल घेतली नाही. २०१३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने २१ हजारांहून अधिक प्रकरणे रद्द केली. एफबीआयनेही केसांच्या सूक्ष्मदर्शी तुलनेबाबत २०१५ मध्ये अशीच कबुली दिली. तोवर तपासून झालेल्या ज्या २६८ खटल्यांत त्यांच्या तज्ज्ञांनी आरोपीविरुद्ध साक्ष दिली होती, त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक खटल्यांत ती साक्ष सदोष होती. त्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांची ३२ प्रकरणे होती, आणि त्यांतील १४ जण तोवर फाशी गेले होते किंवा तुरुंगात मरण पावले होते.

हे आकडे भयानक आहेत. पण ते आपल्याला माहीत आहेत, याचे कारण कोणीतरी जुनी कपाटे उघडून एकेक खटला पुन्हा तपासला. जे मेले त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. जे तुरुंगात होते, त्यांना निदान आपल्याविरुद्धची साक्ष चुकीची होती हे कळवले गेले. इंग्लंडमध्ये संशयास्पद दोषसिद्धी पुन्हा तपासून न्यायालयाकडे पाठवणारा स्वतंत्र आयोग १९९७ पासून काम करतो. भारतात असा आयोग नाही. एखाद्या तंत्राला किंवा तज्ज्ञाला न्यायालयाने अविश्वसनीय ठरवले, तरी त्याच तंत्रावर पूर्वी शिक्षा भोगणाऱ्यांचे काय, हा प्रश्न विचारण्याचे काम कोणाचेच नाही. मला ही उणीव सर्वांत गंभीर वाटते. महाराष्ट्रातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृह विभागाच्या अखत्यारीत आहेत, आणि पोलीसही त्याच विभागाचे. तेथील शास्त्रज्ञ प्रामाणिक आहेत असे गृहीत धरले, तरी प्रयोगशाळा तपास यंत्रणेपासून वेगळ्या असाव्यात, ही अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीची २००९ ची शिफारस आपल्यालाही लागू पडते. आपल्या प्रयोगशाळांनी स्वतःच्या चुकांचा वार्षिक हिशेब जाहीर करायला सुरुवात केली, तर पहिल्या वर्षी आरडाओरडा होईल हे मी मान्य करतो. तो सोसावा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर खटला चालू आहे आणि सीए रिपोर्ट विरुद्ध गेला आहे. तो तुरुंगात आहे. आम्ही आता काय करू शकतो? — सोलापूर

उत्तर : भावाच्या खटल्यातील तथ्ये मला माहीत नसल्याने निकालाविषयी काही सांगता येणार नाही, परंतु मार्ग उपलब्ध आहेत. दोषारोपपत्रासोबतची सर्व कागदपत्रे मोफत मिळण्याचा आरोपीला हक्क आहे, त्यात हा अहवालही येतो. अहवालासोबत जप्तीचा पंचनामा, मुद्देमाल नोंदवहीतील उतारा, प्रयोगशाळेला पाठवलेले पत्र आणि प्रयोगशाळेची पोच यांवरच्या तारखा व सीलची वर्णने वकिलांकडून एकमेकांशी ताडून घ्या. त्यांत विसंगती दिसली, किंवा निष्कर्षाची कारणे अहवालात नसली, तर तज्ज्ञाला साक्षीसाठी बोलावण्याचा अर्ज कलम ३२९ खाली करता येतो. बोलवायचे की नाही, हे न्यायालय ठरवते, म्हणून अर्जात नेमके कोणते प्रश्न विचारायचे आहेत ते लिहावे. डीएनए चाचणी असेल, तर ज्यांवरून निष्कर्ष काढला, त्या यंत्राच्या मूळ आलेखांची मागणी करावी.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. आणि एक अर्ज सर्वांत आधी करावा : प्रयोगशाळेत उरलेला नमुना खटला संपेपर्यंत नष्ट करू नये, असा आदेश न्यायालयाकडे मागावा. फेरतपासणीची वेळ पुढे कधीही येऊ शकते, आणि तेव्हा तपासायला तो नमुना शिल्लक असला पाहिजे.